मेरी शेलीची कहाणी, मुक्तछंदात

फ्रँकेन्स्टाईन हा शब्द आता आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. कार्टूनमध्ये, मोबाईलवरच्या खेळांत तो त्यांना भेटतो. कपाळावर टाके, मानेत खिळे, हात पुढे करून चालणारा राक्षस. ते खिळे १९३१ च्या हॉलिवूडच्या सिनेमाने दिले, मूळ कादंबरीत ते नाहीत. फार कशाला, फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाचे नावही नाही. ते त्याला घडवणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचे नाव आहे. जो घडवला गेला, तो पुस्तकभर बेनाम राहतो. आणि ही कादंबरी जिने लिहायला घेतली, ती त्या वेळी अठरा वर्षांची होती. आपल्याकडे बारावी होऊन कॉलेजचा फॉर्म भरणाऱ्या मुलीएवढी.

या मुलीचे, म्हणजे मेरी शेलीचे, एक चरित्र आम्ही गेल्या सुट्टीत वाचले. आम्ही म्हणजे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या तिघी, आमच्या दोन लेकी आणि नववी-दहावीच्या चार विद्यार्थिनी. पुस्तकाचे नाव 'मेरीज मॉन्स्टर'. लिटा जज या अमेरिकन लेखिकेने ते लिहिले आहे आणि त्यातली चित्रेही त्यांचीच आहेत. फ्रँकेन्स्टाईनला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, २०१८ मध्ये, ते निघाले. किशोरवयीन वाचकांसाठी आहे, इंग्रजीत आहे आणि तीनशे पानांच्या वर आहे. एवढे जाडजूड इंग्रजी पुस्तक पाहून मुलींचे चेहरे पडले होते. पण उघडून पाहिले तर पानोपानी काळ्या-पांढऱ्या जलरंगातली चित्रे आणि त्यांच्या अंगाने थोड्या, आखूड ओळी. सगळे चरित्र मुक्तछंदात आहे, ज्याला उर्दूत आपण आजाद नज्म म्हणतो. ज्या मुलीला इंग्रजीचा धडा डोंगराएवढा वाटतो, तिने एका बैठकीत वीस-पंचवीस पाने वाचली. शिक्षिका म्हणून हे आम्हाला आधी सांगायला हवे.

चरित्र आणि तेही कवितेत, असे कोणाला नवल वाटेल. आपल्या दोन्ही भाषांना ते नवीन नाही. मीर अनीस यांचे मर्सिये करबलाची हकीकत पात्रांसह, संवादांसह सांगतात. हफीज जालंधरी यांनी 'शाहनामा-ए-इस्लाम' लिहिले. मराठीत महिपतींनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पुरा केला आणि संतांची चरित्रे ओवीतून घरोघर गेली. पण या सगळ्यांत कवी आदराने थोडा दूर उभा राहून दुसऱ्याबद्दल सांगतो. लिटा जज यांच्या पुस्तकात मेरी स्वतः 'मी' म्हणून बोलते. ही गोष्ट सोपी दिसते, पण पुढे तिनेच आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावला.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनमधला. आई मेरी वोलस्टोनक्राफ्ट. स्त्रियांनाही पुरुषांसारखी तालीम मिळाली पाहिजे असे १७९२ मध्ये पुस्तक लिहून ठणकावणारी बाई. बाळंतपणानंतरच्या तापाने मुलगी अकरा दिवसांची असताना तिचा इन्तेकाल झाला. वडील विल्यम गॉडविन नावाजलेले विचारवंत, पण कायम कर्जात. त्यांनी दुसरे लग्न केले, सावत्र आईशी मेरीचे जमले नाही. आईची कबर सेंट पँक्रसच्या कब्रस्तानात होती. मेरी तिथे जाऊन वाचत बसायची. कबरीच्या दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत ती मुळाक्षरे शिकली, कारण आईचे नाव आणि तिचे नाव एकच होते, असे सांगतात. शाळेत ती जवळजवळ गेलीच नाही. घरातली पुस्तके आणि घरी येणारे पाहुणे हीच तिची शाळा. कोलरिजसारखा कवी दिवाणखान्यात कविता म्हणत असे आणि मुले झोपायच्या वेळी सोफ्यामागे लपून ऐकत असत.

मग पर्सी शेली आला. कवी, श्रीमंत घरचा, गॉडविनचा शिष्य आणि लग्न झालेला. २८ जुलै १८१४ रोजी सोळा वर्षांची मेरी त्याच्याबरोबर पळून फ्रान्सला गेली. सावत्र बहीण क्लेअरही सोबत होती. पर्सीची बायको हॅरिएट त्या वेळी गरोदर होती.

इथे आमच्यातल्या एकीने पुस्तक मिटले. तिची लेकही सोळाचीच आहे आणि ती शेजारीच बसली होती. "असले मुलींच्या हाती द्यायचे का?" असा तिचा सवाल होता आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. हे मासिक ज्या घरांत जाते, त्या घरांतल्या प्रत्येक आईने तोच विचारला असता. आम्ही दोन दिवस वाचन थांबवले, तिघींनी पुढचा भाग आधी स्वतः वाचला आणि मग ठरवले की वाचायचे, पण सोबत बसून.

कारण असे की, मुलींना प्रेमाच्या पळापळीच्या गोष्टी आमच्या पुस्तकातून कळणार नाहीत, त्या सिनेमाने आणि रील्सनी केव्हाच कळवल्या आहेत. तिथे गोष्ट पळून जाण्यापाशी संपते. इथे ती तिथे सुरू होते. सहा आठवड्यांत पैसे संपले आणि तिघे परत लंडनला आले. वडिलांनी मेरीशी बोलणे तोडले, मात्र पर्सीकडे पैशांचा तगादा चालूच ठेवला. (विचारवंत माणसाचा हा विचार आम्हाला काही समजला नाही.) सावकारांच्या माणसांना चुकवत पर्सी लपून राहायचा आणि मेरी एकटी भाड्याच्या खोलीत. फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला मुलगी झाली, दिवस भरण्याआधीच. दोन आठवडेही ती जगली नाही. ऑक्टोबर १८१६ मध्ये आईकडून सख्खी असलेली बहीण फॅनी हिने जीव दिला. डिसेंबरात हॅरिएटचा मृतदेह लंडनच्या हाईड पार्कमधल्या तळ्यात सापडला, ती एकवीस वर्षांची होती. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मेरी आणि पर्सी यांचा विवाह झाला. हॅरिएटच्या मुलांचा ताबा पर्सीने मागितला, तो १८१७ मध्ये न्यायालयाने नाकारला.

हे सगळे वाचून झाल्यावर दहावीतल्या एका मुलीने विचारले, "बाजी, मग हॅरिएटची किताब कोणी लिहिली?" आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मेरीवर ढिगाने पुस्तके आहेत. हॅरिएटचे नाव त्यांत येते ते बहुतेक अडचण म्हणून. पुस्तक मिटणाऱ्या आमच्या मैत्रिणीनेच त्यानंतर सांगितले, उद्यापासून वाचायला मी बसते.

कवितेचा खरा उपयोग कुठे होतो, तर त्या बाळाच्या मृत्यूपाशी. गद्य चरित्रकार तारीख सांगतो, आजार सांगतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो, त्याला पुढे जायचे असते. मुक्तछंदात ओळ अर्ध्यावर तुटते आणि बाकीचे पान रिकामे राहते. वाचणाऱ्यालाही थांबावेच लागते. मेरीने स्वतःच्या रोजनिशीत त्या मार्च महिन्यात एक स्वप्न नोंदवले आहे. बाळ मेलेले नाही, फक्त गारठले आहे, त्याला शेकोटीपाशी चोळले आणि ते जिवंत झाले. जाग आली तेव्हा बाळ नव्हते. सव्वा वर्षाने तीच मुलगी मेलेल्या देहात जीव ओतणाऱ्या माणसाची गोष्ट लिहायला बसते. त्या काळी विजेने मेलेले अवयव हलवण्याचे प्रयोग चालत. १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका कैद्याच्या देहावर अल्दिनी याने असा प्रयोग केला होता. विज्ञानाचा हा भाग शाळेत सगळे सांगतात. शेकोटीपाशी चोळलेल्या बाळाबद्दल आम्हाला बीएडपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

ती गोष्ट कशी सुचली हा प्रसंग मात्र फार प्रसिद्ध आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याची राख आकाशात पसरली आणि १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी लॉर्ड बायरनच्या बंगल्यात पावसाने अडकलेली ही मंडळी. बायरनने प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी असा बेत काढला. मेरी म्हणते, बरेच दिवस तिला काही सुचेना, रोज सकाळी सगळे विचारायचे आणि तिला नाही म्हणताना लाज वाटायची.

हे ती केव्हा सांगते? १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, म्हणजे पंधरा वर्षांनंतर. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी तिथेच होता आणि रोजनिशी लिहीत होता. त्याने त्याच दिवसांत नोंदवले आहे की सगळ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या, फक्त आपलीच राहिली. आता कोणाचे खरे धरायचे? इथे आम्हाला 'मी' म्हणणाऱ्या चरित्राचा धोका कळला. मेरी आपल्या कानात बोलते आहे असे वाटू लागले की वाचणारी विचारायचे विसरते, हे रोजनिशीतले, की नंतरच्या आठवणीतले, की लिटा जज यांच्या कल्पनेतले? पद्य चरित्र तिन्ही एकाच शाईत छापते. आम्ही मुलींना एक सोपी युक्ती दिली. प्रत्येक प्रसंगाच्या शेजारी पेन्सिलने खूण करायची: कागद आहे, आठवण आहे, अंदाज आहे. बाळाच्या स्वप्नाला कागद आहे. कबरीवरच्या अक्षरांपाशी मुलींनी 'आठवण' लिहिले आणि त्यावर दोघींचे कडाक्याचे भांडण झाले. रात्री अंथरुणात मेरीला नेमके काय वाटले असेल, तिथे सरसकट अंदाज. हदीस शिकवताना आपले उस्ताद विचारायचे, हे कोणी कोणाकडून ऐकले. त्या सवयीचा इथे उपयोग झाला.

कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी निघाली. तीन भाग, ५०० प्रती, लेखकाचे नाव नाही. प्रस्तावना पर्सीची आणि पुस्तक अर्पण केलेले गॉडविन यांना. त्यामुळे बऱ्याच जणांनी धरून चालले की हे पर्सीचेच काम. मेरीचे नाव पडले ते १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर. तिच्या हस्तलिखिताच्या वह्या ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांत समासात पर्सीच्या दुरुस्त्या दिसतात, सगळ्या मिळून काही हजार शब्द. एवढ्यावरून आजही कोणीतरी उठून कादंबरी त्याचीच होती म्हणतो. आम्ही रोज निबंधाच्या वह्या तपासतो, लाल शाईने ओळी बदलतो. म्हणून तो निबंध आमचा होत नाही. १८२३ मध्ये लंडनला कादंबरीवर नाटक लागले, तेव्हा जाहिरातीत त्या बेनाम प्राण्याच्या जागी नुसती रेघ छापली होती. मेरी नाटक पाहायला गेली होती आणि ती रेघ तिला फार आवडली.

चरित्र संपवून आम्ही मूळ कादंबरीकडे वळलो, सगळी नाही, निवडक प्रकरणे. आणि तिथे आमच्यासाठी एक वेगळीच परीक्षा होती. कादंबरीत साफी नावाची मुलगी आहे. वडील तुर्क व्यापारी, आई अरब ख्रिस्ती. आईने तिला शिकवले की बुद्धीची उंची गाठ, स्वतंत्र राहा, आणि लेखिका म्हणते की हे मुसलमान स्त्रियांना मना असते. मेरीच्या आईच्या पुस्तकातही स्त्रीला कमी लेखण्याच्या रीतीला इस्लामचे नाव दिलेले आहे. ज्या पुस्तकाला आम्ही इतक्या आपुलकीने कवटाळले होते, त्यानेच आम्हाला दाराबाहेर उभे केले.

मुली चिडल्या. ते बरेच झाले. मग फळ्यावर दोन रकाने आखले. मेरीच्या इंग्लंडमध्ये लग्न होताच बाईची कमाई आणि मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते बदलले, तेव्हा मेरीला जाऊन वर्षे झाली होती. इस्लामी कायद्यात मेहेर बाईचा, वारसाहक्काचा हिस्सा बाईचा, तिची मालमत्ता लग्नानंतरही तिचीच, हे बाराशे वर्षांपूर्वीपासून लिहिलेले होते. मेरीला हे ठाऊक नव्हते. तिच्या वर्तुळात तुर्क आणि अरब हे प्रवासवर्णनांतून आणि किश्शांतून येत. मुली खूश झाल्या. एवढ्यावर थांबणे सोपे होते, पण आमच्यातल्या एकीने विचारले, तुमच्या अम्मीने मामांकडून हिस्सा घेतला की माफ केला? सहा मुलींपैकी पाचजणींच्या घरी माफ केलेला होता. सहावीला माहीत नव्हते, ती घरी विचारून येणार होती. त्या दिवशी मेरी शेलीला फार दोष देण्याची कोणाची इच्छा उरली नाही.

आणि तरी, त्याच साफीच्या प्रकरणात कादंबरीतला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग आहे. साफीला फ्रेंच येत नसते. फेलिक्स नावाचा तरुण तिला एका इतिहासाच्या पुस्तकातून शिकवतो. शेजारच्या पडवीत तो बेनाम प्राणी लपलेला असतो, भिंतीच्या फटीतून धडा ऐकतो आणि साफीच्याही पुढे जातो. भाषा शिकतो, वाचायला शिकतो, नंतर सापडलेली तीन पुस्तके वाचून काढतो. वर्गाबाहेर राहूनही सगळ्यांत जास्त शिकलेला तोच. जिला कोणी शाळेत घातले नाही आणि जी सोफ्यामागे लपून कविता ऐकायची, तिने हे लिहिले आहे. आमच्या शाळेतही खिडकीबाहेर उभी राहून ऐकणारी धाकटी भावंडे असतात. आतल्या मुलांपेक्षा त्यांचेच पाठांतर चांगले असते.

'मेरीज मॉन्स्टर'चा भर मेरीच्या तरुण वर्षांवर आहे, ते साहजिक आहे. पण आम्हा चाळिशीतल्या बायकांना तिची पुढची वर्षे जाणून घ्यायची होती, म्हणून ती आम्ही दुसरीकडे शोधली. १८१८ मध्ये व्हेनिसला दुसरी मुलगी क्लारा गेली, १८१९ मध्ये रोमला मुलगा विल्यम. ८ जुलै १८२२ रोजी पर्सी समुद्रात बुडाला. मेरी चोवीस वर्षांची, पदरात एकच मुलगा. १८२३ मध्ये ती इंग्लंडला परतली. सासरे सर टिमथी शेली नातवासाठी खर्च द्यायला तयार झाले, पण अट अशी की मेरीने पर्सीचे चरित्र प्रसिद्ध करायचे नाही. १८२४ मध्ये तिने त्याच्या राहिलेल्या कविता छापल्या, तर ते पुस्तकही त्यांनी मागे घ्यायला लावले. ती लिहून पोट भरत राहिली. कादंबऱ्या, कथा, विश्वकोशासाठी इतरांची चरित्रे. स्वतःच्या नवऱ्याचे तेवढे नाही. १८३३ मध्ये मुलाच्या शाळेचा खर्च कमी व्हावा म्हणून ती हॅरोला राहायला गेली, तो तिथून रोज घरून शाळेत जाऊ लागला.

१८३९ मध्ये पर्सीच्या कवितांची चार खंडांची आवृत्ती तिने संपादित केली. चरित्र लिहायला बंदी होती, टिपा लिहायला नव्हती. ही कविता लिहिली तेव्हा आम्ही कुठे राहत होतो, हवा कशी होती, कोण आजारी होते, घरात कोणते पुस्तक वाचले जात होते, हे सगळे तिने कवितांच्या टिपांमध्ये घातले. सासऱ्यांना हरकत घेता येईना. पर्सीबद्दल पुढे ज्यांनी कोणी लिहिले, त्यांना त्या टिपांवाचून पुढे जाता आले नाही. आमच्या मुलींनी वहीत पेन्सिलने त्यापुढे खूण केली: कागद आहे.